गुडघ्याच्या मापाच्या पायऱ्या

ज्या माणसाने सारी नोकरी दुसऱ्यांच्या जिन्यांतली खोट काढण्यात घालवली, त्याला उतारवयात स्वतः जिना बांधायची हुक्की यावी, आणि तोही डोंगरावर, हे ऐकून शेजारपाजारचे हसले यात त्यांचा दोष नव्हता. बांधकाम परवाना खात्यात ते तपासनीस होते. नकाशा समोर आला की इतर लोक खोल्या बघतात, खिडक्या बघतात. तपासनीस थेट जिन्याकडे वळत. एखादी पायरी आपल्या बहिणींपेक्षा बोटभर उंच निघाली की नकाशा परत. "माणूस गच्चीवरून क्वचित पडतो, पायरीवरून रोज पडतो," असं ते म्हणत, आणि म्हणताना चष्म्यावरून असे बघत की समोरच्याला आपण आत्ताच पडलो असं वाटे. ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शहरातल्या कंत्राटदारांनी, म्हणतात, एकमेकांना मिठ्या मारल्या.

तर अशा माणसाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. फार मोठा नाही. मोठ्या डोंगरांच्या घरातलं शेंडेफळ म्हणावं असा. त्याच्या दोन खांद्यांमध्ये खिंड होती. लग्न झाल्यापासून तपासनीस आणि त्यांची बायको दर रविवारी सकाळी त्या खिंडीपर्यंत जाऊन येत. वाटेत भांडत, वर पोचेपर्यंत भांडण संपवत, आणि उतरताना नवं काढत. पुढे बायकोचा गुडघा आधी कुरकुरला, मग बोलू लागला, आणि मग घरातला तिसरा माणूस असल्यासारखा प्रत्येक बाबतीत मत देऊ लागला. बाजारात जायचं का, गुडघ्याला विचारा. लग्नाला जायचं का, गुडघ्याला विचारा. डॉक्टर म्हणाले, "चालत राहा, पण जपून." यातलं 'चालत राहा' तेवढं तपासनिसांनी ऐकलं आणि 'जपून' तेवढं बायकोने. रविवार बंद पडला.

एके सकाळी ती खिडकीची काच पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"अहो, खिंडीच्या पलीकडे ते तळं होतं ना, ते डावीकडे होतं की उजवीकडे?"

"डावीकडे."

"हो का," ती म्हणाली आणि पुन्हा काच पुसू लागली.

एवढंच. पण विकून टाकलेल्या घरातली एखादी खोली आठवावी तशा सुरात ती बोलली होती. तपासनिसांच्या हातातला चहा निवला. काही गोष्टी माणसाला अंगावर ओरडून सांगितल्या तरी कळत नाहीत, आणि काही काच पुसण्याच्या आवाजात कळतात. तिला ते तळं परत तिच्या डोळ्यांनी दाखवायचं, त्यांनी ठरवलं. तिला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर तिने गुडघ्याला विचारलं असतं.

अडचण एकच होती. खिंडीच्या अगदी खाली, शेवटच्या चढावर, पावसाने वाट धुऊन नेली होती. तिथे आता नुसती मुरमाड उतरण उरली होती. लोक तिला घसरण म्हणत, आणि चांगले धडधाकट लोकही ती चारही पायांवर चढत. तिथे पायऱ्या हव्यात, हे तपासनिसांना घरबसल्या कळलं. प्रश्न उरला तो फक्त मापाचा.

माप घ्यायला त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाडजूड पुस्तकं आणून ओट्यापाशी रचली.

"जरा पाय ठेव बघू यावर."

"हे काय? पुस्तकावर पाय?"

"शब्दकोश आहे, त्याला राग येत नाही. ठेव. दुखतंय?"

"नाही."

"आता यावर?"

"आई गं!"

त्यांनी एक कोश काढून टाकला. "आता?"

"आता बरं आहे. पण तुम्ही माझं माप कशाला घेताय? पुतळा बसवणार आहात माझा?"

"सहज," तपासनीस म्हणाले आणि पुस्तकांची उंची बोटांनी मोजली. चार बोटं भरली. चार बोटांची पायरी! पाय उचलला न उचलला तोच पुढची. एवढ्या मायेची पायरी त्यांनी कुठल्याच नकाशात पाहिली नव्हती. त्या आनंदात एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली, आणि ती अशी, की या सगळ्या प्रयोगात बायकोचा एक हात ओट्यावर घट्ट होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या माणसाची स्वतःची चूक अशीच ओट्याला टेकून उभी राहते.

डोंगरावरची वाट नीट ठेवण्याचं काम काही स्वयंसेवक मंडळी करत. गावात त्यांना कुदळमंडळ म्हणत. कुणी पगारी नव्हतं. रविवारी उजाडताच पायथ्याशी जमायचं, कुदळ-फावडी वाटून घ्यायची आणि चढू लागायचं. मंडळाची म्होरकी होती दातांची डॉक्टर. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. वाट तिला हिरडीसारखी दिसायची. "इथे कीड लागली आहे, आत्ताच साफ करा, नाहीतर पुढच्या वर्षी मुळापासून काढावी लागेल," असं ती एखाद्या चिरेकडे बघून म्हणे, आणि ऐकणाऱ्याची जीभ आपोआप आपल्या दाढेकडे जाई. तिच्या हाताखाली एक शिंपीदादा होते. ते फार बोलत नसत. उसवलेल्या काठाला दगडांचे टाके घालत बसायचे आणि मध्येच मान तिरपी करून काम झोकात बसलं का ते बघायचे.

तपासनिसांनी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खांद्यावर मोजपट्टी, हातात सपाटी तपासायची पाणसळ.

"काका, आपला अनुभव?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"इमारत परवाना. जिने हा माझा विशेष प्रांत."

"वा! मग हे घ्या," असं म्हणून तिने त्यांच्या हातात एक दाताळं दिलं. "चरांत पालापाचोळा अडकलाय. तो ओढून काढा."

"पाचोळा?"

"आमचा एकच कायदा आहे, काका. आधी पाणी, मग पाय. पाण्याला बाहेर जायला जागा दिली की वाट आपली आपण टिकते."

ज्याच्या एका सहीसाठी लोक बाकावर ताटकळत बसले, तो माणूस दिवसभर चरांतून ओला पाला उपसत होता. पुन्हा पुन्हा वाकून त्यांच्या मोठेपणाची इस्त्री पार मोडली. संध्याकाळी ते दारात उभे राहिले तेव्हा बायकोने त्यांना नखशिखान्त पाहिलं. तिची एक जुनी सवय होती. तिच्या आजीकडून तिला ओव्यांचा नाद लागला होता आणि कुणाची फजिती दिसली की तिला ओवी सुचायची. दार धरूनच ती म्हणाली:

"चिखल माखला, पायांपासून डोक्याला, डोंगर आला भेटीला, माझ्या दारी."

"हसू नकोस. आंघोळीला पाणी काढ."

"काढते हो. पण आधी पाय बाहेर धुवा. डोंगराला घरात घेणार नाही मी."

पुढच्या रविवारी घसरणीपाशी पोचल्यावर तपासनिसांनी घसा साफ केला आणि पायऱ्यांची योजना मांडली. सरळ खालून वर, चार-चार बोटं उंचीच्या, सगळ्या एकसारख्या.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "काका, पायरी म्हणजे शेवटचा उपाय. वाट वळवता येत असेल तर वळवायची. आणि चार बोटं? इतकी बुटकी पायरी कुणाच्या पायात बसणार?"

"बसेल कुणाच्या तरी," तपासनीस म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांचा आवाज जरा ओलसर झाला. शिंपीदादांनी हातातला दगड खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं. दुखणं असूनही 'काही नाही हो' म्हणणारे पेशंट तिने आयुष्यभर पाहिले होते.

"बरं," ती म्हणाली. "पण दगड बसवायचे तर वनखात्याची परवानगी लागेल. ती आणा, मग बघू." ती मिळणार नाही अशी तिला खात्री असावी.

वनखात्यातल्या बाबूने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला. "डोंगर आमचा," तो म्हणाला, "पण पायरी आमची नाही. पायरी म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हणजे परवाना खातं."

हे ऐकून तपासनिसांची छाती फुगली. परवाना खातं! म्हणजे माहेरच की. दुसऱ्या दिवशी ते नवा शर्ट घालून तिथे गेले. दारावर नवा शिपाई होता. त्याने "काम काय?" असं विचारून त्यांना बाकावर बसवलं. तो बाक इतका अरुंद आणि इतका कडक असेल याची त्यांना इतक्या वर्षांत कल्पना नव्हती. शेवटी आत बोलावणं आलं. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस बसला होता. तो ताडकन उठला, पाया पडायचाच काय तो राहिला. चहा मागवला. बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. आणि अर्ज परत केला.

"साहेब, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा दाखवलेला नाही. मध्ये विसाव्याला चौथरा नाही. उजेडाची सोय नाही."

"अरे, डोंगर आहे तो! वर सूर्य आहे!"

"ढगाळ दिवशी काय, साहेब?"

"अपवाद म्हणून कर."

त्याने अत्यंत आदराने एक जुनं परिपत्रक काढलं आणि वाचलं: "'अपवाद मागणाऱ्याने आधी आपला मोडलेला पाय दाखवावा.' खाली आपलीच सही आहे, साहेब. आम्ही नव्या लोकांना हे पाठ करायला लावतो."

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि परवाना खात्यात काय झालं ते सांगून टाकलं. डोंगरावर काहीतरी बांधायचं चाललंय एवढं बायकोला कळलं होतं. कशासाठी ते नाही. सगळा प्रकार ऐकून तिने शेंगा सोलता सोलता आढ्याकडे पाहिलं:

"आपुला कायदा, आपणच वाचावा, आपुलाच चावावा, विंचू आपणा."

तोपर्यंत बातमी, गुडघ्यासकट, इमारतभर झाली होती. माणसाला दुखणं झालं की औषध एक मिळतं, पण अर्ज नामंजूर झाला की सल्ले मात्र घरोघरी शिजतात. समोरच्या काकूंनी खुर्चीला दांडे बांधून चौघांनी बायकोला उचलून न्यावं असं सुचवलं, आणि चौघे म्हटल्याबरोबर स्वतःच जीभ चावली. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने एक तेल दिलं. ते गुडघ्याला लावायचं की दगडांना, हे त्याने सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्र अर्ज हातात घेऊन डोळे मिटले.

"जिना म्हणालात, तिथेच चुकलात," ते म्हणाले. "लिहा: डोंगरावरचे दगड डोंगरावरच जरा सरकवून ठेवणे."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? सत्याला जरा सैल कपडे घातले, एवढंच."

तपासनिसांनी दोन दिवस स्वतःच्या तत्त्वांशी भांडण केलं. मग काच पुसणारा हात आठवला आणि तत्त्वं हरली. परवाना खात्याने कळवलं, की सरकवलेल्या दगडांशी खात्याचा संबंध नाही. वनखात्याने कळवलं, की सरकवण्याला हरकत नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद वाचले, कपाळाला हात लावला आणि दिलेला शब्द पाळला.

मग सुरू झालं बांधकाम, म्हणजे सरकवणं. पहिल्याच दिवशी पाणसळ हातातून निसटली आणि डोंगर उतरून गेली. ती शोधायला गेलेले तपासनीस तिच्यामागोमाग उतरले, पण बसून. एका दगडाला तिघे मिळून वर ढकलत होते. तो जवळजवळ जागेवर बसला तेव्हा तपासनीस म्हणाले, "थांबा, एक रेष उंच आहे," आणि सगळे थांबले, दगड सोडून. दगड थांबला नाही. खालच्या झुडपातून एक जण जीव मुठीत धरून बाहेर आला आणि त्याने मंडळच सोडलं. शिंपीदादा दर दगड छिन्नीने तासून देत. "साहेब, कापड ताणून बसवलं की पहिल्या धुण्यात उसवतं," एवढंच एकदा म्हणाले. तपासनिसांनी ऐकलं नाही. ते पट्टी लावून बसले होते. चार बोटं. पुन्हा चार बोटं. हाताला फोड आले, फुटले, त्यावर दुसरे आले. फोडांनाही जणू एकसारखं माप होतं.

पायऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा खालून बघताना डोळे निवत. इतकी सरळ, इतकी एकसारखी रांग त्या डोंगराने जन्मात पाहिली नव्हती. तपासनीस बाजूला उभे राहिले आणि पहिल्या वाटसरूची वाट बघू लागले.

पहिला वाटसरू आला, एका पायरीवर चढला, दुसरीवर अडखळला, आणि पायऱ्या सोडून शेजारच्या गवतातून वर निघून गेला.

दुसराही गवतातून गेला. तिसरी एक पळणारी मुलगी होती. तिने तर पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. चार बोटांची पायरी धडधाकट पायाला धड पाऊल वाटत नव्हती आणि धड सपाटीही वाटत नव्हती. दोन एकदम चढाव्यात तर अंतर चुकायचं, एक एक चढावी तर बाळाने पावलं टाकावीत तसं वाटायचं. पुढच्या रविवारपर्यंत पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गवत मरून नव्या पायवाटा पडल्या. एका घसरणीच्या जागी आता दोन घसरणी होण्याची लक्षणं दिसू लागली. आणि कुदळमंडळासाठी याहून मोठं पाप नाही. वाट मोडली तर दुरुस्त करता येते. माणसं वाट सोडून चालायला लागली की डोंगरच उसवतो.

तपासनीस गवतात उभे राहून दोन्ही हात पसरून लोकांना अडवू लागले. "पायऱ्यांवरून या! पायऱ्यांवरून!"

"आजोबा, त्या कोणासाठी बांधल्यात?" पळणाऱ्या मुलीने जागच्या जागी उड्या मारत विचारलं.

तपासनिसांचे पसरलेले हात खाली आले. डॉक्टरबाई थोडं दूर कुदळीवर रेलून उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "काका, ज्यांच्यासाठी बांधल्यात त्यांना एकदा घेऊन या ना. पाऊस यायच्या आत काय ते ठरवू."

तर घरी सांगणं भाग होतं. पण सांगायची वेळच आली नाही. ते आत शिरले तेव्हा बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"समोरच्या काकूंना माहीत. औषधवाल्याला माहीत. दातांच्या डॉक्टरला माहीत. सगळ्या गावात माझ्या गुडघ्याचं माप फिरतंय आणि मला पत्ता नाही?"

"अगं, तुला अचानक..."

"अचानक काय? पुस्तकांवर पाय ठेवायला लावलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला नाही यायचं कुठे. लोक हसतील. निम्म्यातून परत यावं लागलं तर? तुम्ही एवढं केलंत आणि मला नाहीच जमलं तर?" शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज बारीक झाला. म्हणजे इतके दिवस अडून बसला होता तो गुडघा नव्हता. गुडघ्याच्या मागे ही भीती लपली होती.

तपासनीस हात धुवायला गेले. साबण लागल्यावर त्यांच्या तोंडातून "स्स" निघालं. ती मागोमाग आली, त्यांचे हात नळाखालून ओढून घेतले आणि उलटसुलट करून पाहिले.

"हे काय करून घेतलंत?"

"दगड जरा..."

ती त्यांचे तळवे धरून उभी राहिली. नळ तसाच वाहत होता.

"येते," ती म्हणाली. "पण हळू चालेन. आणि मध्ये 'दुखतंय का, दुखतंय का' विचारलंत तर तिथेच बसकण मारीन."

रविवारी निघाले. खालची वाट मंडळाने चांगली राखली होती, त्यामुळे ती बसत, उठत, काठी टेकत चालत राहिली. तपासनीस 'दुखतंय का' विचारत नव्हते. फक्त दर चार पावलांनी अशा चेहऱ्याने मागे बघत होते की न विचारलेलं ऐकू यावं. घसरणीपाशी मंडळी काम सोडून, काम करत असल्याचं सोंग करत उभी होती.

"या काकू," डॉक्टरबाई म्हणाली.

बायकोने वर पाहिलं. ती सरळ, एकसारखी रांग पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. "किती सुबक केल्यात हो," ती म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी. तिसरी. तपासनीस खालून ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत होते.

चौथ्या पायरीवर ती थांबली. इथे ओटा नव्हता. शिवाय दर वेळी गुडघा त्याच जागी, तेवढाच वाकत होता, आणि दुखायचं ते त्याच जागी पुन्हा पुन्हा दुखत होतं. माणसाला एकच टोमणा रोज ऐकवावा, तसं झालं. सगळ्या पायऱ्या एकसारख्या ठेवणं हा ज्यांचा धर्म, त्यांनी दुखणंही एकसारखं करून ठेवलं होतं.

"नाही जमायचं," ती पुटपुटली.

तपासनिसांनी मान खाली घातली. आपण डोंगरावर बांधलं काय, तर तिच्या भीतीला खरं ठरवणारा एक जिना, हे त्यांना कळून चुकलं होतं. "चल, उतरू," ते कसेबसे म्हणाले. "खूप झालं. इथवर आलीस हेच..."

"तुम्ही थांबा जरा," ती म्हणाली.

तिने काठी उजवीकडे टेकली आणि पायऱ्यांवरून खाली गवतात पाऊल टाकलं. मग सरळ वर न जाता आडवी निघाली, जवळजवळ सपाटीनेच, जणू तिला वर जायचंच नव्हतं आणि ती शेजारच्या घरी निघाली होती. थोडी गेली, गुडघा कुरकुरला, तशी ती वळली आणि दुसऱ्या बाजूला निघाली. एक पाऊल मातीवर, एक गवताच्या बुंध्यावर, एक चपट्या दगडावर. कुठलंच पाऊल मागच्यासारखं नव्हतं. चालताना ती श्वासाच्या तालावर काहीतरी गुणगुणत होती:

"वळणावळणानं, वाट माझी जाते, डोंगराला पुसते, बरा ना रे?"

"अगं, पायऱ्या आहेत इथे!" तपासनिसांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"असू देत हो! तुम्ही या त्यांच्यावरून!"

डॉक्टरबाईंनी कुदळ टाकली. पिशवीतून लाल कापडाच्या चिंध्या बांधलेल्या काड्या काढल्या आणि काकूंच्या मागोमाग निघाली. काकू जिथे वळल्या तिथे एक काडी. जिथे टेकल्या तिथे एक काडी. शिंपीदादा खालून मान तिरपी करून बघत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. उताराच्या अंगावरून एक नागमोडी ओळ उमटत चालली होती. पाणी जिच्यावरून धावणार नाही अशी. कुठल्याही पायाला जड जाणार नाही अशी.

तपासनीस पायऱ्यांच्या मधोमध उभे होते. वर जायला त्यांच्या पुढे त्यांचा स्वतःचा जिना होता, रेषेचाही फरक नसलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, गवतातून वर चाललेल्या पाठमोऱ्या बायकोकडे पाहिलं, आणि नोकरीत ज्या गोष्टीसाठी त्यांनी अनेकांना दंड केला असता ती केली. जिना सोडून ते आडवाटेला लागले.

खिंडीत ते पोचले तेव्हा ती आधीच एका खडकाला टेकून बसली होती. घामाने चेहरा भिजलेला, केस सुटलेले. पलीकडे तळं होतं.

"उजवीकडे आहे," ती म्हणाली.

"डावीकडे होतं."

"उजवीकडे आहे म्हणते ना. आणि तुम्ही मला इतके दिवस डावीकडे सांगत होतात!"

ते तिथेच भांडले, मनसोक्त. खालून वर येणाऱ्या मंडळींना वाटलं काहीतरी बिनसलं. शिंपीदादांनी हाताने सगळ्यांना मागेच थांबवलं.

पुढच्या रविवारपासून पायऱ्या काढायला सुरुवात झाली. पहिला दगड तपासनिसांनी स्वतः उपसला. त्या दगडांचे पुढे नव्या वाटेला काठ झाले, चर झाले, टेकायला बैठका झाल्या. एकाचंही माप पुन्हा दुसऱ्याशी जुळलं नाही. पहिल्या दिवशी काड्या निम्म्यातच संपल्या होत्या, म्हणून पुढची वाट आखायची म्हणजे काकूंनी चालून दाखवायचं, आणि काकू आल्या नाहीत की काम बंद. एकदा त्या म्हणाल्या, "आज मला भाजी आणायची आहे," तर सगळं कुदळमंडळ पायथ्याशी फावडी घेऊन बसून राहिलं, आणि तपासनीस मोजपट्टीसकट भाजीच्या पिशव्या उचलायला गेले.

वरच्या टप्प्यावर, खिंड अगदी हाकेवर आली असताना, त्या एका ठिकाणी विनाकारण वळल्या. तिथे उतार सौम्य होता, गुडघाही गप्प होता. सरळ गेल्या असत्या तरी चाललं असतं.

डॉक्टरबाईंच्या हातात काडी होती, पण तिने ती रोवली नाही. उगीच एक दगडसुद्धा ठेवू न देणारी बाई ती. "काकू, इथे कशाला वळलात? दुखलं का?"

"नाही गं."

"मग वळण कशासाठी?"

काकूंनी जरा इकडेतिकडे पाहिलं, शिंपीदादा जवळ नाहीत याची खात्री केली, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "इथून वळलं की खालची सगळी वाट दिसते. हे मागे येताहेत ना, कुठे राहिले, तेवढं बघता येतं."

खाली तपासनीस एका बैठकीवर बसून दम खात होते. एका हातात दाताळं, दुसऱ्या हातात तिची शाल. वरून कुणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी खाली पाहिलं. मग गुडघ्यावर बसून ती काडी रोवली, चांगली खोल, दोनदा ठोकून.

त्या वाटेने आता पुष्कळ लोक जातात. सगळी वळणं त्यांना कळतात, ते एक सोडून. पळणारी ती मुलगी एकदा डॉक्टरबाईंना म्हणालीही, "इथे वाट उगीचच फिरवली आहे तुम्ही, सरळ न्या ना." डॉक्टरबाई म्हणाली, "हात लावायचा नाही त्याला."

आणि तेवढ्यात तिथे पोचलेल्या काकू थांबल्या, काठीवर रेलल्या आणि खाली बघून ओरडल्या, "या हो सावकाश! घाई नाही!"